मुळे नसलेल्यांची वंशावळ : युसुफ आदिलशहाच्या जन्मकथेचे चिकित्सक वाचन

प्रास्ताविक

विजापूरच्या आदिलशाहीचा संस्थापक युसुफ आदिलशहा (कारकीर्द इ.स. १४९० ते १५१०) याची जन्मकथा दख्खनच्या इतिहासाच्या अभ्यासकांना अपरिचित नाही. उस्मानी, म्हणजे ऑटोमन, सुलतान दुसरा मुराद इ.स. १४५१ मध्ये वारला. गादीवर आलेल्या थोरल्या मुलाच्या कारकिर्दीत धाकट्या भावांना जगू द्यायचे नाही, असे ठरले. तेव्हा मातेने युसुफशी मिळताजुळता चेहरा असलेला एक गुलाम मुलगा मिळवून त्याला राजपुत्राच्या जागी मरण पत्करायला लावले आणि खऱ्या राजपुत्राला सावे गावच्या व्यापाऱ्याच्या हवाली केले. इराणात वाढलेला हा मुलगा पुढे स्वप्नातील आदेशावरून हिंदुस्थानाकडे निघाला, कोकणातील दाभोळ बंदरात उतरला आणि महमूद गवानच्या हस्ते बिदरच्या बहमनी दरबारात गुलाम म्हणून दाखल झाला. मुहम्मद कासिम फिरिश्ता याने विजापुरात बसून, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या आश्रयाने, सतराव्या शतकाच्या पहिल्या दशकात लिहिलेल्या ‘गुलशन-इ-इब्राहिमी’ या ग्रंथात ही कथा येते.

आपल्याकडे या कथेची वासलात दोन प्रकारे लावली जाते. काही अध्यापक ती रंजक म्हणून वर्गात सांगतात आणि तालिकोटकडे वळतात. काही तिला दंतकथा ठरवून बाजूला सारतात. दोन्ही प्रकारांत कथा वाचली जातच नाही. प्रस्तुत लेखात ती साहित्यकृती म्हणून वाचण्याचा प्रयत्न केला आहे. युसुफ खरोखर कोणाचा पुत्र होता, या प्रश्नापेक्षा अशी कथा सांगण्याची गरज कोणाला व का पडली, हा प्रश्न येथे महत्त्वाचा मानला आहे. प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन असे की, तुर्की गुलाम-सैनिकांच्या संस्थेला आप्त नसलेला माणूस हवा असतो, राजघराण्याला मात्र पूर्वज हवे असतात. युसुफची जन्मकथा या दोन गरजांच्या संघर्षातून निर्माण झालेली आहे.

दोन शब्दांची अडचण

मूळ विषयाकडे वळण्यापूर्वी ‘गुलाम’ आणि ‘तुर्क’ या दोन शब्दांचा विचार करणे आवश्यक ठरते, कारण मराठीत या दोन्ही शब्दांनी वाचकाची दिशाभूल केली आहे.

अरबी भाषेत ‘गुलाम’ या शब्दाचा मूळ अर्थ मुलगा, पोरगा असा आहे. पुढे तो धन्याच्या घरात वाढलेल्या आणि लष्करी शिक्षण दिलेल्या तरुणासाठी रूढ झाला. ‘ममलूक’ म्हणजे मालकीचा, फारसीतील ‘बंदा’ म्हणजे बांधलेला. मराठीत मात्र गुलाम म्हटले की डोळ्यांसमोर साखळदंड येतात, अमेरिकेतील कापसाचे मळे येतात, महात्मा फुले यांच्या १८७३ सालच्या ‘गुलामगिरी’ची आठवण होते. त्या अर्थाचा गुलाम दिल्लीच्या तख्तावर कसा बसला, हे कोडे विद्यार्थ्यांना पडते आणि ‘गुलाम घराणे’ हे प्रकरण ते एक चमत्कार म्हणून पाठ करतात. वास्तविक पत्त्यांच्या डावातला गुलाम या संस्थेच्या अधिक जवळचा आहे : राजा-राणीखालोखाल त्याचाच मान, आणि हाताखाली दहिला-नहिला. (अलीकडील अभ्यासकांनी ‘गुलाम घराणे’ ही संज्ञाच सदोष ठरवली आहे. कुतुबुद्दीन ऐबक, अल्तमश आणि बल्बन हे एका घराण्यातले नव्हते आणि सत्तेवर राहिले ते बंधमुक्त म्हणून.)

‘तुर्क’ शब्दाची कथा याहून गुंतागुंतीची आहे. संत एकनाथांच्या ‘हिंदू-तुर्क संवादा’त तुर्क म्हणजे सरळसरळ मुसलमान. सोळाव्या शतकातील मराठी माणसाच्या दृष्टीने ते स्वाभाविकही होते. परंतु त्याच शतकात विजापूरच्या छावणीत तुर्क, इराणी, अरब, हबशी, अफगाण आणि दख्खनी हे वेगवेगळे गट होते आणि त्यांपैकी काहींचे परस्परांशी हाडवैर होते. मराठीने एका शब्दात जे गुंडाळले, ते फारसी तवारिखांत अनेक गटांत विभागलेले दिसते. त्यामुळे मराठी वाचक या तवारिखा वाचताना ज्या ठिकाणी धर्मभेद शोधतो, तेथे त्याला मुसलमान सरदारांनी मुसलमान सैनिकांची केलेली कत्तल सापडते. पंधराव्या शतकाच्या मध्यास शिर्के आणि खेळण्याच्या (विशाळगडाच्या) राजाने खलफ हसन बसरीची बहमनी फौज सह्याद्रीच्या रानात कापून काढली. त्यातून वाचलेले परदेशी सैनिक चाकणला आश्रयास आले असता त्यांना ठार केले ते दख्खनी सरदारांनी.

समाराहून बिदरपर्यंत

तुर्की सैनिकांचा उदय हा अब्बासी खिलाफतीच्या अडचणीतून झाला. खलीफा अल-मुअतसिम (इ.स. ८३३ ते ८४२) याला बगदादच्या जुन्या लष्करी घराण्यांचा आणि अरब टोळ्यांचा भरवसा उरला नव्हता. त्याने मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशातून आणलेल्या तुर्क तरुणांची फौज उभारली आणि इ.स. ८३६ मध्ये तिच्यासाठी समारा हे नवे शहर वसवले. घोड्यावर बसून धावत्या वेगात धनुष्य चालवण्याचे त्यांचे कौशल्य हे एक कारण. त्यांना नगरात काका-मामा नाहीत, हे त्याहून मोठे कारण. ज्याला नातेवाईक नाहीत, तो धन्याखेरीज कोणाचे ऐकणार? हा हिशेब पंचवीस वर्षांतच उलटला. इ.स. ८६१ मध्ये याच तुर्कांनी खलीफा मुतवक्किलचा खून केला आणि पुढील नऊ वर्षांत त्यांनी खलीफांना एकामागून एक गादीवर बसवले व खाली खेचले.

तरीही संस्था टिकली. सामानी दरबारातून अल्पतगीन गझनीस आला, त्याच्या गुलामाने, म्हणजे सबुक्तगीनने, राज्य स्थापले, आणि सबुक्तगीनचा पुत्र महमूद याची ओळख आपल्याला करून द्यावी लागत नाही. सेल्जुकांचा वजीर निजामुल्मुल्क याने आपल्या ‘सियासतनामा’त गुलामांच्या शिक्षणाची वर्षावार श्रेणी नोंदवली आहे. इजिप्तमध्ये ममलुकांनी १२५० साली सत्ता घेतली, १२६० साली ऐन जालूत येथे मोंगलांना रोखले आणि १५१७ पर्यंत राज्य केले. तेथील रिवाज विशेष लक्षात घेण्याजोगा आहे : ममलुकाचा मुलगा स्वतंत्र जन्मला, म्हणून तो तत्त्वतः ममलुकांच्या श्रेणीत येऊ शकत नसे. दर पिढीला नवे तरुण विकत आणावे लागत. प्रत्यक्षात कलावून घराण्याने हा नियम वाकवला, परंतु नियम होता, आणि त्यातच संस्थेचा गाभा आहे. गुलामीतून मिळालेली सत्ता वारसाने देता येत नाही.

दख्खनमध्ये ही संस्था समुद्रमार्गे आली. होर्मुझहून दाभोळ, चौल, गोवा या बंदरांत घोडे उतरत, आणि ज्या मार्गाने घोडे येत त्याच मार्गाने स्वारही येत. अहमदशहा वली बहमनी (इ.स. १४२२ ते १४३६) याने इराक, खुरासान, मावराउन्नहर, तुर्कस्तान व अरबस्तान येथील ३००० धनुर्धारी नोकरीस ठेवले, असे फिरिश्ता सांगतो. यांतील सगळे विकत घेतलेले नव्हते. आफाकी, म्हणजे परदेशी, या नावाखाली खुद्द महमूद गवानसारखा गिलानचा स्वतंत्र व्यापारी-मुत्सद्दीही येतो आणि बाजारातून आणलेला तुर्क पोरगाही येतो. रिचर्ड ईटन यांच्या दख्खनमधील लष्करी गुलामगिरीवरील निबंधाने (२००६) या क्षेत्रात मोठीच भर घातली आहे. तथापि त्यांचा भर हबशी गुलामांवर, विशेषतः मलिक अंबरवर आहे. अंबरपूर्वीच्या तुर्कांनी आपल्या गुलामीचे काय केले, हा प्रश्न त्यामुळे काहीसा मागे पडला.

कथेची घडण

फिरिश्ताची कथा पुन्हा वाचली असता तिच्या मध्यभागी एक अदलाबदल दिसते. एक गुलाम राजपुत्र म्हणून मरतो, एक राजपुत्र गुलाम म्हणून जगतो. ही रचना योगायोगाची म्हणता येत नाही. युसुफच्या आयुष्यातील जी गोष्ट झाकता येण्यासारखी नव्हती, म्हणजे बिदरच्या दरबारातील त्याचे गुलामपण, ती कथा नाकारत नाही. ती फक्त तिचा क्रम बदलते. गुलामी ही सुरुवात न राहता मधला मुक्काम होते. जो मुलगा जन्माने गुलाम होता, तो तर त्याच रात्री गळा आवळून मारला गेला. कथेने त्याला नाव दिलेले नाही.

नायकाचे नावही लक्षात घ्यावे. कुराणातील बारावी सूरा ‘युसुफ’ या पैगंबराची आहे : भावांच्या मत्सरामुळे घरातून नाहीसा केलेला, व्यापाऱ्यांच्या काफिल्याबरोबर परदेशी गेलेला, विकला गेलेला, स्वप्नांचा अर्थ जाणणारा आणि शेवटी मिसरच्या सत्तेजवळ पोहोचलेला. भाऊ, व्यापारी, विक्री, स्वप्न, परमुलखातील उत्कर्ष हे सर्व दुवे विजापूरच्या युसुफच्या कथेत येतात. यापूर्वीही हा साचा वापरला गेला होता. मिनहाज-इ-सिराजने ‘तबकात-इ-नासिरी’त अल्तमशबद्दल हेच सांगितले आहे की, तो इल्बरी टोळीतील कुलीन मुलगा असून मत्सरी भावांनी त्याला विकले. गुलाम सत्तेवर आला की तो मूळचा थोर कुळातला निघतो, असा हा दरबारी साहित्याचा एक संकेतच आहे. फिरिश्ताने केलेला बदल एवढाच की त्याने टोळीप्रमुखाच्या जागी त्या काळच्या सर्वांत बलाढ्य सुन्नी घराण्याचा सुलतान आणला.

कथा ऐकणाऱ्याला पटावी अशी परिस्थितीही होती. उस्मानी घराण्यात गादीवर आलेल्या सुलतानाने भावांना ठार करण्याची प्रथा दुसऱ्या मेहमेदच्या कायद्याने मान्य झाली होती. १५९५ साली तिसऱ्या मेहमेदने गादीवर येताच आपल्या १९ भावांना गळा आवळून मारले. त्यानंतर दहा-बारा वर्षांत फिरिश्ता लिहीत होता. इस्तंबूलहून निसटलेला राजपुत्र ही कल्पना विजापूरच्या श्रोत्यांना अशक्य वाटण्याचे कारण नव्हते. इतिहास म्हणून मात्र ती अडखळते. १४५१ साली मेहमेदच्या आज्ञेने मारला गेलेला भाऊ अहमद हा तान्हा होता. १४६० च्या सुमारास दाभोळला उतरलेल्या उमद्या तरुणाशी त्याचे वय जुळत नाही, आणि उस्मानी साधनांत दुसऱ्या कोणा राजपुत्राला तेथे जागा नाही.

कथेतील एक धागा मात्र पक्का आहे. फिरिश्ताचा समकालीन रफीउद्दीन शिराझी उस्मानी जन्माची कथा न स्वीकारता युसुफला साव्याच्याच एका अधिकाऱ्याचा पुत्र ठरवतो. पोर्तुगीज लेखक विजापूरच्या या अधिपतीला ‘साबायो’ म्हणतात. त्या नावाचा उगम ‘सावाई’, म्हणजे सावेकर, या संबोधनात आहे. गोव्यातील त्याच्या वाड्याला हेच नाव चिकटले. एकमेकांची साधने न वाचलेल्या दोन बाजू जेथे मिळतात, तेथे सावे या गावावर विश्वास ठेवायला हरकत नाही. बाकीचे सारे विजापुरात घडले असावे.

पाथरी आणि इस्तंबूल

बहमनी राज्याच्या पाच शकलांपैकी किती शकलांचे मूळ गुलामांत आहे, हे सहसा एकत्र मांडले जात नाही. वऱ्हाडच्या इमादशाहीचा संस्थापक फतहुल्ला हा विजयनगरच्या मुलखातून पकडून आणलेला कन्नड मुलगा. अहमदनगरच्या निजामशाहीचा मूळपुरुष मलिक हसन बहरी हाही तेथूनच आणलेला, जन्माने ब्राह्मण. बिदरचा कासीम बरीद तुर्की गुलाम. चौथा युसुफ.

त्यांपैकी निजामशाहीने जे केले, ते विजापूरशी ताडून पाहण्यासारखे आहे. मलिक हसनचे पूर्वज परभणी जिल्ह्यातील पाथरीचे कुलकर्णी होते, ही गोष्ट निजामशहांनी लपवली नाही. उलट, आपल्या पूर्वजांचे ते गाव आपल्या ताब्यात असावे म्हणून बुऱ्हाण निजामशहाने इमादशहाशी युद्ध केले. धर्म बदलला, नाव बदलले, पकडून नेलेल्या मुलाचा नातू सुलतान झाला, तरी गावचे वतन आणि भाऊबंद यांची ओढ सुटली नाही. मराठी वाचकाला ही भावना समजावून सांगण्याची गरज नाही. युसुफच्या वंशजांना असे गाव उपलब्ध नव्हते. साव्यात त्यांचे वतन नव्हते, भाऊबंद नव्हते. ज्यांना पाथरी नव्हती, त्यांनी इस्तंबूल निर्माण केले.

गुलामाच्या मुलाला गादी द्यायची असेल, तर बाप गुलाम नव्हता असे म्हणावे लागते, किंवा तो आधी कोण होता ते सांगावे लागते. ज्याची सत्ता टिकली नाही, त्याच्या जन्माबद्दल कोणी काही सांगत नाही. १४९० च्या दशकाच्या आरंभी बहादूर गिलानी या आफाकी सरदाराने गोवा, दाभोळ आणि आपल्या कोल्हापूर-मिरजेचा मुलूख दाबून धरला होता. १४९४ मध्ये तो मारला गेला. जन्मकथेपर्यंत त्याची मजल गेली नाही.

रक्त, दूध आणि दप्तर

वंशावळ कागदावर तयार झाली, तरी प्रत्यक्ष आप्त कोठून आणायचे? युसुफने ते येथेच जोडले. मुकुंदराव या मराठा सरदाराचा पराभव केल्यानंतर त्याने त्याच्या बहिणीशी लग्न केले. तीच बुबूजी खानम, दुसरा सुलतान इस्माईल याची आई. आपली मुलगी त्याने बहमनी शहजादा अहमद याला देऊ केली. तिसरे नाते दुधाचे. युसुफच्या दाईची मुलगी दिलशाद आगा साव्याकडून विजापूरला आली आणि इस्माईलची आत्या म्हणून वावरली. १५११ साली कारभारी कमालखान दख्खनी याने अल्पवयीन इस्माईलची गादी बळकावण्याचा प्रयत्न केला, तेव्हा मूठभर तुर्क आणि इराणी सैनिकांना हाताशी धरून वाडा लढवला तो या दोन स्त्रियांनी, एक मराठा माता आणि एक मानलेली आत्या. उस्मानी पूर्वजाचा त्या दिवशी काही उपयोग झाला नाही. त्या चकमकीत नाव कमावलेला खुसरो नावाचा तुर्क हाच पुढे बेळगावचा असदखान लारी झाला.

इस्माईलने यापुढे परदेशीच सैनिक ठेवण्याचे ठरवले आणि फौजेला इराणी धाटणीच्या लाल टोप्या दिल्या. त्याचा मुलगा पहिला इब्राहिम (इ.स. १५३४ ते १५५८) याने हे सर्व उलटवले. केवळ ४०० परदेशी सैनिक ठेवून बाकीच्यांना निरोप दिला, दख्खनी व हबशी सरदार पुढे आणले आणि महसुलाचे दप्तर फारसीतून काढून देशी भाषेत, ब्राह्मण कारकुनांच्या हाती सोपवले. मराठी इतिहासलेखनात या दप्तराच्या घटनेचे कौतुक होते आणि ते रास्तच आहे. परंतु ते सैन्यातील कपातीपासून तोडून सांगितले जाते. एकाच आज्ञेची ही दोन अंगे आहेत : परदेशातून माणसे आणून चालणारे राज्य थांबवून मुलखातील माणसांवर चालणारे राज्य करणे. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा आणि १५१५ मध्ये होर्मुझ घेतल्यावर पश्चिमेकडून माणसे आणि घोडे आणणे त्यांच्या परवान्यावर अवलंबून राहिले होते, याचाही येथे विचार व्हावा. काढून टाकलेले तुर्क रिकामे बसले नाहीत. त्यांतील ३००० जणांना विजयनगरच्या रामरायाने नोकरीस ठेवले, असे फिरिश्ताच नोंदवतो. मुसलमान सुलतानाने काढलेले मुसलमान सैनिक हिंदू राजाच्या चाकरीत गेले, ही घटना आपल्या वर्गात जितक्या सहजपणे सांगितली जायला हवी, तितक्या सहजपणे ती सांगितली जात नाही. इब्राहिमच्या धोरणाविरुद्ध असलेल्या शहजादा अलीला तासगावपासून जवळच असलेल्या मिरजेच्या किल्ल्यात ठेवण्यात आले होते. १५५८ साली तो तेथूनच निघून गादीवर बसला आणि बापाचे धोरण त्याने पुन्हा फिरवले.

इंग्रजीतून फिरिश्ता आपल्यापर्यंत पोहोचवला तो जॉन ब्रिग्ज याने, १८२९ साली. हा ब्रिग्ज ग्रँट डफनंतर सातारच्या छत्रपतींच्या दरबारी रेसिडेंट होता. त्याच्या शीर्षकातच हिंदुस्थानातील ‘मुसलमानी सत्तेचा उदय’ असे शब्द आहेत. फिरिश्ताने आपल्या आश्रयदात्याच्या नावाने लिहिलेला ग्रंथ अशा रीतीने एका धर्मसत्तेचा इतिहास बनला आणि तुर्क, आफाकी, दख्खनी, हबशी हे भेद त्या एका नावाखाली दडले. मराठी अभ्यासकांच्या कित्येक पिढ्यांनी फिरिश्ता वाचला तो याच वाटेने. युसुफच्या जन्मकथेकडे केवळ परकीयांच्या अद्भुत हकिकती म्हणून पाहण्याची सवय त्यातून लागली असावी, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

ज्याच्यासाठी ही वंशावळ लिहिली गेली, तो दुसरा इब्राहिम (इ.स. १५८० ते १६२७) युसुफचा खापरपणतू. दरबारातील इतिहासकार त्याच्या पूर्वजाला इस्तंबूलच्या गादीशी जोडत असताना हा सुलतान स्वतः दखनी भाषेत ‘किताब-इ-नवरस’ रचत होता. त्या ग्रंथात त्याने आपल्या मातापित्यांची नावे सांगितली आहेत : माता सरस्वती आणि पिता गणपती.